बुधवारची चौथी तासिका

मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शिक्षक मित्रहो,

शिक्षकांचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला तालुक्याच्या ठिकाणचा हॉल, प्रोजेक्टर, दुपारचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र एवढंच आठवतं. सेवेची बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, चोवीस झाली की निवडश्रेणीचं. मधल्या बारा वर्षांत दहावीच्या बारा बॅचेस शिक्षकाच्या हाताखालून निघून जातात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास आणायचे कुठून, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक-खोलीत विचारला जातो. ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला वह्यांची तपासणी, असे तास कागदावर भरतात, पण वर्गात काही बदलत नाही.

यातले निदान एक तृतीयांश तास शाळेच्या वेळापत्रकातच आहेत. एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसायची ३५ मिनिटांची तासिका आठवड्यातून एकदा धरा. परीक्षा, स्नेहसंमेलन, सहली, सुट्ट्या वजा केल्या तरी ३० आठवडे हाती राहतात. ३० गुणिले ३५ म्हणजे १०५० मिनिटं, साडेसतरा तास. हे तास मिळतात कसे आणि हातचे जातात कसे, तेवढंच आज बोलायचं आहे.

आधी वेळापत्रक. आठवी ते दहावी मिळून १२ तुकड्या आणि १८ शिक्षक अशी शाळा घेऊ. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका, शनिवारी सकाळच्या पाच, एकूण ४५. बारा तुकड्यांच्या ५४० तासिका अठरा जणांत वाटल्या की प्रत्येकाला ३० येतात. म्हणजे १५ मोकळ्या, पण त्या विखुरलेल्या. विज्ञानाचे तिघे एकाच वेळी मोकळे कधीच नसतात, कारण तसं कुणी ठरवलेलंच नसतं. तिघांना एका तासिकेला बाहेर काढलं तर पंधरा जण उरतात. तुकड्या बारा. तीन जण रजेवर असले तरी वर्ग उघडा पडत नाही. गणिताच्या तिघांचंही तसंच.

भाषेच्या गटाला मात्र अडचण येते. मराठी, हिंदी, इंग्रजीचे मिळून सात शिक्षक. सातही जणांना एकत्र बसवायचं म्हटलं तर अकरा उरतात आणि तुकड्या बारा. इथेच अनेक शाळांचा बेत मोडतो आणि 'आपल्याकडे हे जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. गट फोडा. मराठी-हिंदीचे चौघे एका दिवशी, इंग्रजीचे तिघे दुसऱ्या दिवशी. चौघांच्या दिवशी चौदा जण उरतात, दोघांची सवड राहते. सगळा स्टाफ एकत्र बसलाच पाहिजे हा हट्ट सोडला की गणित सुटतं. आणि खरं सांगायचं तर चित्रकलेच्या सरांना अपवर्तनावरच्या चर्चेत बसवून त्यांचाही वेळ जातो आणि गटाचाही.

या तासिका वेळापत्रकात सगळ्यांत आधी भरायच्या. जूनमध्ये बाकीचं वेळापत्रक बसवून झाल्यावर 'आता बघू कुठे जागा मिळते' म्हटलं की जागा मिळत नाही. सोमवार नको, कारण रविवारला जोडून रजा पडतात. शनिवार नको, तासिका आखूड असतात. पहिली तासिका नको. शक्य असेल तिथे मोठ्या सुट्टीच्या आधीची तासिका घ्या. बहुतेक शाळांत ती चौथी असते. तिच्या पाठोपाठ सुट्टीची वीस-पंचवीस मिनिटं मिळतात आणि डबा खाताखाता चर्चा पुढे चालते. विज्ञान गटासाठी आपण बुधवारची चौथी धरू.

आणि ती वाचवायची कशी? शत्रू एकच, बदली तास. सकाळी कुणाचा रजेचा फोन येतो, पर्यवेक्षक मोकळ्या नावांवर नजर टाकतात आणि बुधवारच्या चौथीला तिघं मोकळे दिसतात. दोन आठवडे हे झालं की तिसऱ्या आठवड्यात कुणी येतच नाही. म्हणून बदली तासांच्या रजिस्टरमध्ये त्या गटाची त्या तासिकेची चौकट वर्षाच्या सुरुवातीलाच लाल शाईने मारून ठेवा. अगदीच अडचण आली तर दोन तुकड्या मैदानावर एकत्र घ्या, नाहीतर पर्यवेक्षकांनी स्वतः वर्गावर जावं. मुख्याध्यापकांनी पहिल्या महिन्यात एकदा जरी हे स्वतः केलं तरी संदेश सगळ्यांपर्यंत पोहोचतो.

दुसरा धोका मुख्याध्यापकांकडूनच येतो. तिघं एकत्र बसलेले दिसले की यू-डायसची, म्हणजे सरकारला कळवायची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, विज्ञान प्रदर्शनाची तयारी हे सगळं तिथेच सांगून टाकण्याचा मोह होतो. सूचना भिंतीवरच्या फळ्यावर किंवा ग्रुपवर टाका. या तासिकेत फक्त मुलं काय समजली आणि काय नाही एवढंच बोलायचं.

आता ३५ मिनिटांत करायचं काय? एका आठवड्यात काही पूर्ण होत नाही. चार आठवड्यांचं एक आवर्तन धरा आणि एका आवर्तनात एकच संकल्पना घ्या. दहावीच्या 'उष्णता' या प्रकरणातला अप्रकट उष्मा घेऊ, म्हणजे तापमान न वाढवता बर्फाचं पाणी किंवा पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता.

पहिल्या बुधवारी तिघांनी मिळून एक प्रश्न तयार करायचा. एकच. उदाहरणार्थ: 'पातेल्यातलं पाणी खळखळून उकळत आहे. गॅस मोठा केला. पाण्याचं तापमान वाढेल, तेवढंच राहील की कमी होईल? कारण एका वाक्यात लिहा.' व्याख्या विचारू नका. 'अप्रकट उष्मा म्हणजे काय' याचं उत्तर पाठ असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. प्रश्न चांगला आहे की नाही हे ओळखायची खूण अशी की, चुकीचं समजलेला मुलगा आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देईल असा तो असावा. त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपल्या एका तुकडीत तासिकेच्या शेवटच्या पाच मिनिटांत पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर तो लिहून घ्यायचा. हजेरी क्रमांक हवा, गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की मुलं शेजाऱ्याचं बघतात आणि चिठ्ठ्या खोट्या होतात.

दुसऱ्या बुधवारी चिठ्ठ्यांचे गठ्ठे. चार करायचे: बरोबर उत्तर बरोबर कारण, बरोबर उत्तर चुकीचं कारण, चुकीचं उत्तर, आणि कोरी. साठ चिठ्ठ्या तिघांत वीस-वीस वाटल्या तर हे काम दहा मिनिटांत होतं. दुसऱ्या गठ्ठ्यावर थांबा. 'तेवढंच राहील, कारण थर्मामीटर १०० पर्यंतच असतो' अशा धर्तीचं उत्तर परीक्षेत पूर्ण गुण मिळवून जातं आणि त्या मुलाला काहीच कळलेलं नसतं. तिसऱ्या गठ्ठ्यातली कारणंही मोठ्याने वाचा. 'वाढेल, कारण बुडबुडे जास्त येतात.' हा मुलगा निरीक्षण करतो आहे. बुडबुडे जास्त येतात हे खरंच आहे, फक्त वाढीव उष्णता कुठे जाते हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. 'वाढेल, कारण कुकरमध्ये भात लवकर शिजतो' असं लिहिणाऱ्याने तर दाबाच्या प्रश्नाला हात घातला आहे. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, पण ते वाढलेल्या दाबामुळे, मोठ्या आचेमुळे नव्हे. पाठाचा आराखडा या चिठ्ठ्यांतूनच निघतो. उरलेल्या पंचवीस मिनिटांत तो तिघांनी मिळून करायचा.

आराखडा म्हणजे टाचणवहीतले रकाने नव्हेत. कोणत्या मिनिटाला कोणता प्रश्न, मुलं कोणती दोन-तीन उत्तरं देतील, त्यावर शिक्षक काय करणार, एवढं एका पानावर. या पाठातला प्रयोग असा: बर्फ वितळून त्याचं पाणी उकळेपर्यंत तापवायचं आणि तापमानाचा आलेख काढायचा. साहित्याचा कस आधीच लावून बघा, कारण तास बिघडतो तो तिथेच. बर्फ १०० ग्रॅम घेतला तर स्पिरिटच्या दिव्यावर ३५ मिनिटांत उकळीपर्यंत पोहोचणं कठीण. ५० ग्रॅम पुरे. बर्फ बारीक फोडलेला हवा आणि ढवळत राहायला हवं. मोठे खडे न ढवळता ठेवले तर वर बर्फ तरंगत असतानाच खाली पाणी दोन-तीन अंशांवर जातं आणि मुलं म्हणतात, 'सर, तापमान वाढतंय.' थर्मामीटरचा फुगा बीकरच्या तळाला टेकला की आकडा भलताच वर जातो. तो स्टँडला बांधून मधोमध लोंबता ठेवा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ च्या आसपास. हे शिक्षकाला आधी माहीत नसेल तर तो थर्मामीटरला दोष देतो आणि मुलांना '१०० लिहा' म्हणतो. त्या एका वाक्याने प्रयोगावरचा विश्वास जातो.

फळ्यावर एक हिशोब मांडा. ५० ग्रॅम बर्फ वितळायला ४,००० कॅलरी. त्याच पाण्याला ० पासून १०० अंशांपर्यंत न्यायला ५,००० कॅलरी. आणि ते सगळं पाणी वाफ व्हायला २७,००० कॅलरी. मोठ्या गॅसची उष्णता कुठे जाते ते या तिसऱ्या आकड्यात दिसतं.

तिसऱ्या बुधवारी तास. त्या तासिकेला दहावी 'ब' ला इतिहास असेल तर इतिहासाच्या शिक्षकांशी अदलाबदल करा आणि त्यांची तासिका त्याच आठवड्यात परत द्या. एक जण शिकवतो, दोघं बघतात. जपानमध्ये या पद्धतीला जुग्यो केन्क्यू, म्हणजे पाठाचा अभ्यास, म्हणतात आणि तिथे तिला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. तिथले निरीक्षक मुलांच्या बाकांजवळ उभे राहतात. आपल्याकडे शेवटच्या बाकावर बसून शिक्षकाकडे बघायची सवय आहे. तिथून मुलांच्या पाठी दिसतात.

प्रत्येक निरीक्षकाने तीनच मुलं निवडायची, शक्यतो दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यातली. त्यांनी काय केलं, काय लिहिलं, काय खोडलं ते वेळेसह टिपायचं. 'मुलं रमली' ही नोंद नव्हे. नोंद अशी: '१२.४२. खिडकीजवळची मुलगी. आलेखाची रेघ उकळीच्या पुढेही वर नेली. शेजारणीची आडवी रेघ बघितली. स्वतःची खोडली. कारणाची जागा कोरी.' एवढ्या चार वाक्यांतून कळतं की आलेख बरोबर आला पण समज आली नाही, आणि ती कुठल्या मिनिटाला निसटली. विशेषणं लिहायला बंदी घाला. पहिल्या एक-दोन आवर्तनांत ते जड जातं.

सुट्टीत डबे उघडले की आधी शिकवणाऱ्याने बोलायचं, मग सर्वांत कनिष्ठाने, ज्येष्ठांनी शेवटी. उलट क्रम ठेवला तर ज्येष्ठांच्या मताला सगळे माना डोलावतात आणि चर्चा संपते. आवाज, अक्षर, फळ्याची मांडणी हे विषय या टेबलावर नकोत. आणि या निरीक्षणाचा कागद कुणाच्याही गोपनीय अहवालाला जोडला जाणार नाही हे मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगावं आणि पाळावं. एकदा जरी जोडला गेला तर पुढच्या वेळी बसवलेला, तालीम केलेला तास बघायला मिळेल, आणि त्यातून कुणीच काही शिकणार नाही.

शिकवण्याच्या सवयींपैकी एका आवर्तनाला एकच बदलायला घ्या. प्रश्न विचारल्यावर थांबण्याची सवय आधी घ्यावी असं मला आग्रहाने वाटतं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मोबाइलवर आपलाच तास मुद्रित करा, घरी ऐका आणि सेकंद मोजा. तीन सेकंद वर्गात उभं राहून फार मोठे वाटतात. मनातल्या मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा.

चौथ्या बुधवारी पाठाचं पान दुरुस्त करायचं आणि दुसऱ्या शिक्षकाने तो दुसऱ्या तुकडीत घ्यायचा दिवस ठरवायचा. ज्या शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आणि विज्ञानाला एकच शिक्षक आहे, तिथे शेजारच्या गावच्या शाळेशी जोडी लावा. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसा, चिठ्ठ्यांची अदलाबदल करा. तालुक्याच्या विज्ञान अध्यापक मंडळात अशा जोड्या सहज जमतात.

नोंदींसाठी शंभर पानांची एक वही पुरते. प्रत्येक आवर्तनाला चार पानं: प्रश्न, गठ्ठ्यांचे आकडे, पाठाचं पान, निरीक्षणं. वही प्रयोगशाळेच्या कपाटात राहते, शिक्षकाच्या घरी नाही. जूनमध्ये नवे शिक्षक रुजू झाले की पाठ्यपुस्तकाबरोबर ती त्यांच्या हातात द्या.

सहा आठवडे गेल्यावर तोच प्रश्न त्याच मुलांना, तशाच पाठकोऱ्या चिठ्ठीवर, न सांगता पुन्हा द्या. गठ्ठे पुन्हा करा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. तिसरा गठ्ठा बारीक झालेला बहुधा दिसेलच. दुसरा मोजा. 'बरोबर उत्तर, चुकीचं कारण' तेवढंच राहिलं असेल, तर आवर्तन पहिल्या बुधवारपासून पुन्हा, आणि या वेळी पाठ शिकवणारे दुसरे.