तीन पिसांचा मास्तर

अध्यक्षमहोदय आणि एवढ्या पावसातही आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय 'सँ-व्हेराँ : फ्रेंच आल्प्समधल्या एका गावाचा भूगोल आणि इतिहास'. मला त्यातलं एकच सांगायचंय. डोंगरमाथ्यावरचं गाव म्हणजे जगापासून तुटलेलं, अडाणी गाव, ही समजूत खाली सपाटीवर राहणाऱ्यांनी पसरवलेली आहे. १३४३ सालच्या एका सनदेच्या आधारे हे पटवून देण्याचा विचार आहे. सनदेकडे येतोच, आधी गाव तर बघू.

आग्नेय फ्रान्समध्ये, इटलीच्या हद्दीला लागून केरास नावाचं खोरं आहे. त्यात २,०४० मीटरवर हे गाव. मी ज्या प्रवासी कंपनीबरोबर पहिल्यांदा गेलो (नाव घेत नाही, तिचे चाहते समोर बसले असतील) तिच्या कार्यक्रमात लिहिलं होतं, 'युरोपातलं सर्वांत उंच गाव, फोटोसाठी थांबा'. बस थांबली. पाटीसमोर फोटो झाले, खाकरे निघाले, खाकरे संपले, बस सुटली. एवढ्यासाठी आल्प्स कशाला, खंडाळ्याला पाटी लावली असती!

बरं, ती पाटीही वादग्रस्त. स्वित्झर्लंडमधलं युफ २,१२६ मीटरवर आहे. सँ-व्हेराँवाले म्हणतात, ती नुसती वाडी, आमच्याकडे स्वतंत्र ग्रामपंचायत आणि महापौर आहे. जगातला कुठलाही वाद शेवटी ग्रामपंचायतीपाशी येतो, हे बघून मला फार बरं वाटलं.

पाटीमुळे खरा प्रश्न राहून जातो. एवढ्या उंचीवर माणसं राहिलीच कशी? उत्तर उन्हात आहे. पश्चिमेकडून येणारे ढग आधीच्या डोंगररांगांवर रिकामे होतात, केरासपर्यंत कोरडी हवा पोचते. त्यात गाव उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर. समोरच्या सावलीच्या उतारावर जंगल, घर एकही नाही. तरी राय नावाचं धान्य धड वाळायच्या आत थंडी यायची. म्हणून खाली दगडी भिंती, वर लार्च नावाच्या झाडाच्या ओंडक्यांचं कोठार आणि कोठाराला उन्हाच्या बाजूनं सज्जे, पेंढ्या वाळत घालायला. हिवाळ्यात माणसं आणि गुरं एकाच खोलीत, कारण गाय ऊब देते आणि भाडं मागत नाही. लाकूड म्हटलं की आग आलीच. म्हणून वस्त्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली: आग लागली तर एक वस्ती जाईल, गाव राहील.

गावाच्या नावाचा संत व्हेराँ हा सहाव्या शतकातला, दक्षिण फ्रान्समधल्या काव्हायाँ गावाचा बिशप. त्यानं एका ड्रॅगनला जखमी केलं आणि तो आल्प्सकडे उडाला. दंतकथा म्हणते, वाटेत जिथे रक्ताचे थेंब पडले तिथे प्रोव्हान्सहून मेंढरं वर नेणाऱ्यांचे मुक्काम झाले. रक्त अगदी मोजून मुक्कामाच्याच अंतरावर सांडणारा असा शिस्तीचा ड्रॅगन दुसरीकडे ऐकिवात नाही. पण बघा, देव झाला तोही मेंढपाळांच्या रस्त्यावरचा. तुटलेल्या गावाचा असा देव असतो का?

आता माझे आवडते मास्तर. कितीही चिठ्ठ्या पाठवा, हे सांगणारच. हिवाळ्यात शेत बर्फाखाली, हाताला काम नाही. मग इथले नि शेजारच्या ब्रियांसाँकडचे पुरुष शरद ऋतूत खाली उतरायचे. करायला काय? शिकवायला! खालच्या बाजारांत टोपीत पीस खोवून उभे राहायचे. एक पीस म्हणजे वाचन शिकवतो. दोन पिसं म्हणजे वाचनाबरोबर हिशेबही. तीन पिसं म्हणजे वर लॅटिनसुद्धा. टोपी म्हणजेच व्हिजिटिंग कार्ड. खालचा सधन शेतकरी पिसं मोजायचा, घासाघीस करायचा आणि मास्तर हिवाळ्यापुरता ठरवायचा. एक पिसाला स्वस्त, तीन पिसांना महाग. तीन पिसवाल्याचं लॅटिन तपासणार कोण, हा प्रश्न मला सारखा पडतो. आपल्याकडेही काही टोप्यांत... असो, अध्यक्ष प्राध्यापक आहेत. मुद्दा एवढाच, की साक्षरता डोंगरावरून सपाटीकडे वाहत होती. आपण मात्र उलट समजतो.

चिठ्ठी आली. दुसरी आहे म्हणे. पहिली मी खिशात घातली. तर सनद, भरभर.

१३४३. हा सगळा मुलूख ज्यात येतो त्या दोफिने प्रांताचा सत्ताधीश दुसरा अंबेर कर्जात बुडालेला. ब्रियांसाँ आणि केराससकट आसपासच्या खोऱ्यांनी त्याच्याकडून स्वातंत्र्य चक्क विकत घेतलं: रोख १२,००० सोन्याची नाणी (फ्लोरिन), शिवाय दरसालची खंडणी. बदल्यात सरंजामी जोखड गेलं, सभा भरवायचा, आपले कारभारी निवडायचा आणि कर आपसांत वाटून घ्यायचा हक्क मिळाला. या खोऱ्यांचे पाच गट होते, त्यांना एस्कार्तों म्हणत. केरास त्यातला एक. आता विचार करा: जिथे कराची वाटणी गाव स्वतः करतं तिथे हिशेब येणं ही चैन उरत नाही. मास्तर इथून उगवले. पुढे या खोऱ्यात प्रॉटेस्टंटही होते, त्यांना बायबल वाचायचं असायचं. १६८५ साली त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर अनेक जण परागंदा झाले. आणि तुटलेपणाचं म्हणाल तर याच खोऱ्याच्या टोकाला, सुमारे २,९०० मीटरवर, १४८० च्या सुमारास मिठाच्या व्यापारासाठी डोंगर फोडून बोगदा केलाय. लांबी सुमारे ७५ मीटर.

तिसरी चिठ्ठी. १३४९ मध्ये अंबेरनं दोफिनेच फ्रान्सच्या राजघराण्याला देऊन टाकलं, सनद मात्र टिकली. १७१३ च्या उट्रेख्ट तहात डोंगरापलीकडचे तीन गट शेजारच्या सव्हॉय राज्याकडे गेले. राज्यक्रांतीत, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, पॅरिसजवळच्या व्हर्सायमध्ये सगळे विशेषाधिकार रद्द झाले, त्यात सरदारांच्या बरोबर यांचेही गेले. पैसे परत मिळाले नाहीत. मग लोक उतरले, राहिले थोडे, आणि आता पाहुणे येतात फोटोला.

प्रश्न विचारा. तिथे शाकाहारी काय मिळतं, याचं उत्तर आधीच देतो: चीज आणि बटाटा. पुढचा प्रश्न?