रांग मोडायची नाही

[दृश्य: पहाट. बोरिवलीचं फाटक. माणसं बुटांच्या नाड्या आवळतायत.]

हायवेवर गाड्यांची रांग लागायच्या आत ही मंडळी फाटकात हजर आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध शंभराहून अधिक चौरस किलोमीटर जंगल. आपल्या तोंडी मात्र नुसतं ‘नॅशनल पार्क’. बहुतेकांची मजल कान्हेरी लेण्यांच्या बसपर्यंत. आज हा गट डांबरी रस्ता सोडणार आहे, वनखात्याची परवानगी काढून.

सगळ्यांत पुढे ताई. उद्यानातल्याच पाड्यावरच्या, वारली. सगळ्यांत मागे शेपूट सांभाळणारा एक जुना भिडू. मधले सगळे एकामागोमाग. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत हलायचं नाही. कानात इयरफोन नको. डिओ मारून आलेल्याला आधी नळावर पिटाळतात. ही उगाच कटकट नव्हे. कान्हेरीच्या कड्यांना आग्या मोहोळं लटकतात आणि उग्र वासाने माश्या बिथरतात.

[दृश्य: शिलोंडा. ओढा, ओले दगड.]

शिलोंड्याची वाट ओढ्यापाशी येते आणि गप्पा आपोआप बंद पडतात. दगड शेवाळलेले. ताई पाऊल आडवं टाकतात, आधी दाब देऊन बघतात, मग भार टाकतात. मागचे बघून बघून तसंच करू लागतात. सांगावं लागत नाही.

[दृश्य: चिखलातला ठसा, अगदी जवळून.]

इथे रांग थांबली. चार बोटं. त्यामागे गादी, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. नखांची खूण कुठेच नाही, कारण चालताना बिबट्याची नखं आत ओढलेली असतात. कुत्रा असता तर ती उमटली असती. ताई वाकून कडा निरखतात. “रातचा हाय,” एवढंच. ठशाच्या कडा अजून ढासळलेल्या नाहीत, त्यावरून. बिबट्या आमच्या कॅमेऱ्यात आला नाही. यायलाच हवा असा हट्टही नव्हता.

[दृश्य: कान्हेरीचा माथा. कातळ, पोढ्या.]

लेण्यांच्या वर चढलं की झाडी विरळ होते आणि काळा कातळ तापायला लागतो. खाली शंभरावर लेणी. ती कोरायला कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान दिलं, त्यांची नावं शिलालेखांत आहेत. पण कॅमेरा पुन्हा पुन्हा वळला तो पाण्याकडे. माथ्यावरचा पाऊस खडकात खोदलेल्या पन्हळींतून पोढ्यांत, म्हणजे कातळातल्या पाण्याच्या टाक्यांत, उतरतो. याच डोंगररांगेत पुढे इंग्रजांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधून काढला. दोन्हींचं पाणी मुंबई अजून पिते.

[दृश्य: उतारभर जांभळी फुलं.]

ही कारवी. दृश्यं २०२४ च्या पावसाळ्यातली. हिला घाई नाही. सात वर्षं नुसती पानं आणि काड्या. ज्याला माहीत नाही तो रान समजून पुढे जातो. आठव्या पावसाळ्यात अख्खा उतार एकदम फुलतो. माश्यांचा गुणगुणाट इतका, की आमच्या ध्वनिमुद्रणात ताईंचा आवाज बुडाला. फुलून झाली की कारवी मरते. सुकलेली बोंडं पुढच्या वर्षी तडतडून फुटतात, बी उधळतं, आणि नवी पिढी मोजणी पहिल्यापासून सुरू करते. वाळलेल्या काड्या पाड्यावर येतात. त्यांचा कूड बांधायचा, वर शेणमातीचा लेप, की घराची भिंत उभी. ताईंच्या सासूबाई लेप देतायत, बघा. बोटांचे फराटे तसेच राहतात, ते कोणी पुसत नाही.

फूल, काडी, भिंत हे सगळं ज्यांना एका दमात सांगता येतं, त्यांच्याच मागून ही वाट चालावी, असं आमचं मत आहे.

१९९७ मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवायला सांगितली. पाड्यांच्या पुनर्वसनाचा वाद अजून मिटलेला नाही. शिवाय ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच डोंगराखालून जातोय.

[दृश्य: नागला. खाडी, तिवरं.]

हा नागला, वसईच्या खाडीपलीकडचा तुकडा. उद्यान तेच, पण इथे खारा वारा, चिखल आणि तिवरांची मुळं. अर्ध्या तासात पाणी चढलं आणि जायची वाट यायला उरली नाही. गट वरच्या बाजूने परतला. शेपूटवाल्याने डोकी मोजली, सगळे आहेत.

पुढची फेरी ठाण्याच्या बाजूने, येऊरकडून. तिथे ताई नसतील, येऊरच्याच पाड्यातला दादा पुढे असेल. डोंगराची ती बाजू त्याच्या पायाखालची.