टक्का हाताचा आणि टक्का कमाईचा

बोर्डावर लिहिलंय ‘अपघाताची नुकसानभरपाई कशी ठरते’, तिकडे येतोच. पण आधी माझी जुनी तक्रार. आपल्याकडे गाडीनं कुणाला उडवलं की गर्दी जमते, एखादा दादा मध्ये पडतो आणि जागच्या जागी मांडवली, दोन-पाच हजार हातात, ‘काकू जाऊ द्या, पोरगा चांगल्या घरचा आहे.’ अहो चांगल्या घरचा आहे तर गाडीचा इन्शुरन्सही असेल ना! थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, सक्तीचा आहे, त्याच्या बापाच्या खिशाची काळजी तुम्ही कशाला करता? (हसू नका, मागच्या रांगेत असे दोन-तीन दादा बसलेत.)

माझ्याकडे नारायण पेठेतल्या एक बाई आल्या होत्या, ब्लाऊज शिवायच्या. उजवं मनगट मोडलेलं. भाच्यानं पोलिसात कळवलं होतं म्हणून केस तरी उभी राहिली. पण कमाईचा पुरावा काय? रिटर्न नाही, पावती नाही, होती फक्त मापांची वही. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील म्हणाले, दाखवा ती वही, आणि मोठ्यानं वाचायला लागले, कुलकर्णी वहिनी छत्तीस, बाही साडेनऊ... तिसऱ्या नावाला थांबले, कान लाल! त्यांच्याच सोसायटीतल्या बाई निघाल्या. पण त्या वहीतल्या तारखांवरून महिन्याला किती ब्लाऊज होतात ते सिद्ध झालं, आणि मला तेवढंच हवं होतं.

हो हो, चिठ्ठी मिळाली, पाच मिनिटं. चहा आलाय वाटतं.

तर मुद्दा. डॉक्टर सर्टिफिकेटवर अपंगत्व लिहितात ते शरीराचं. कमाई किती बुडाली ते ट्रायब्युनलनं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टानं, वेगळं बघायचं असतं, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार मध्ये हेच सांगितलं. डावा हात गेला तर ड्रायव्हरचं सगळंच गेलं, सरकारी कारकुनाचा पगार चालू राहू शकतो. आता हिशोब, पटापट लिहून घ्या. बाईंचं वय ४२, महिना १२,००० धरा, वर्षाचे १,४४,०००. स्वतःचा धंदा, वय चाळीस ते पन्नास, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के, झाले १,८०,०००. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, तो गुणक, एक्केचाळीस ते पंचेचाळीस वयाला १४, म्हणजे २५,२०,०००. सर्टिफिकेटचे २० टक्के धरले तर ५,०४,०००, आणि शिवणकामाला उजवा हात लागतो म्हणून ४० धरले तर १०,०८,०००. भांडायचं ते इथे! औषधपाणी, घरी बसलेले महिने, पुढची ऑपरेशन्स, वेदना, हे वेगळं, बिलं जपून ठेवा, मेडिकलवाल्याची चिठ्ठीसुद्धा.

आणि दावा टाकायची मुदत, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिने आहे, त्यामुळे ‘बरं वाटलं की बघू’ चालत नाही. अपघात खंबाटकीत झाला तरी तुम्ही पुण्यात राहता ना, मग दावा इथे शिवाजीनगरला टाकता येतो, साताऱ्याला खेपा नकोत. हेल्मेटचं राहिलंच, ते चहा घेताना विचारा, पण भांडायचं नाही.