लिस्बन पाहताना

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपच्या सहलीला निघालेली आपली मंडळी पॅरिस, रोम आणि स्वित्झर्लंड पाहून परततात. खंडाच्या पार पश्चिम टोकाला असलेले लिस्बन त्यांच्या बेतात क्वचितच असते. याचे नवल वाटते, कारण गोवा, वसई आणि चौल यांच्या इतिहासातील कितीतरी निर्णय पोर्तुगालच्या या राजधानीत घेतले गेले, आणि त्यांच्या खुणा तिथल्या दगडांत आजही वाचता येतात. त्या खुणांच्या मागाने हे शहर कसे पाहावे, ते आज सांगणार आहे.

सुरुवात भर शहरात न करता पश्चिमेला, टॅगस नदीच्या काठी असलेल्या बेलें या भागात करावी. १४९७ च्या जुलैमध्ये वास्को द गामाची जहाजे इथूनच निघाली. तो परतल्यावर राजा मनुएलने बांधायला घेतलेल्या जेरोनिमोस मठाचा खर्च मुख्यतः पूर्वेकडील व्यापारावरच्या कराने, म्हणजे मिरी-मसाल्यांच्या पैशाने भागवला गेला. मठातील चर्चमध्ये शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची आणि उजव्या हाताला काही काळ गोव्यात राहिलेल्या महाकवी कामोइंशची समाधी आहे. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला आणि त्याचे पहिले दफनही तिथेच झाले. बहुतेक प्रवासी या दोन समाध्यांची छायाचित्रे घेऊन मागे फिरतात. आपण मात्र तसेच पुढे मुख्य वेदीपर्यंत जावे. तिथे राजघराण्यातील समाध्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत.

मठापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका कोपऱ्यावरील गोल चौकीखाली वाऱ्यापावसाने झिजलेले एक दगडी डोके आहे, ते गेंड्याचे आहे. या गेंड्याची हकिकत आपल्याच किनाऱ्यावर सुरू होते. गुजरातच्या सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजाने राजाकडे रवाना केला, आणि मे १५१५ मध्ये, या बुरुजाचे काम चालू असतानाच, तो लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीनेच पळ काढला. पुढे राजाने तो रोमला पोपकडे नजराणा म्हणून पाठवला. परंतु वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळदंडांनी जखडलेला तो मुका जीव त्याबरोबर गेला. ते डोके खालून चटकन दिसत नाही. दुर्बीण जवळ असल्यास उत्तम.

शहराच्या मध्यभागी आल्यावर इतके जुने फारसे काही दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणानिमित्त लोक चर्चमध्ये जमलेले असताना भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा शिरल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा त्यात नष्ट झाला आणि भारताशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरीही त्याच्यासोबत गेली. आज तिथे प्रासा दु कोमेर्सियु हा विस्तीर्ण चौक आहे. चौकामागची सरळ रेषेत आखलेली बायशा पेठ मार्किस द पोंबाल या मंत्र्याने नव्याने वसवली. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता अशी तिथल्या रस्त्यांची नावे आपल्या जुन्या पेठांची आठवण करून देतात. इथल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवलेला असून, त्याचा नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांची पलटण चालवली आणि हादरे देऊन तो पारखला, असे सांगतात. स्थापत्याचे शिक्षण घेणाऱ्यांनी तरी ही पेठ केवळ खरेदीपुरती पाहू नये.

पूर्वेच्या टेकडीवरील अल्फामा ही वस्ती मात्र भूकंपातून बरीचशी वाचली. १९३० च्या दशकातील बांधणीच्या छोट्या पिवळ्या ट्राम तिथल्या बोळांतून भिंतींना अगदी लगटून जातात. २८ क्रमांकाची ट्राम मार्तिम मोनिज चौकातून सुटते. ती सकाळी लवकर धरावी, नाहीतर उभे राहायलाही जागा मिळत नाही, आणि गर्दीत खिसा सांभाळावा. त्याच चौकाच्या परिसरात भारतीय आणि बांगलादेशी किराणा दुकाने व खानावळी असल्याने शाकाहारी प्रवाशांची सोय होते.

समोरच्या टेकडीवर कार्मोचे चर्च आहे. भूकंपात कोसळलेले त्याचे छत पुन्हा पूर्ण बांधलेच नाही, त्यामुळे कमानींच्या वर थेट आकाश दिसते. तिथे चढण्यासाठी १९०२ सालच्या लोखंडी लिफ्टपुढे लांबच लांब रांग लागते. मागच्या रस्त्याने पायी गेल्यास फुकटात पोहोचता येते. चर्चसमोरच्या चौकाला आपल्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी बंडखोर सैनिकांनी याच चौकातील पोलीस दलाच्या छावणीला वेढा घातला आणि आत आसरा घेतलेल्या पंतप्रधान कायतानुला शरण आणून हुकूमशाही संपवली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला असला, तरी त्या राजवटीने ते कधी मानले नव्हते. नव्या सरकारने १९७४ च्याच ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

कार्मोचे संग्रहालय रविवारी बंद असते आणि जेरोनिमोस मठ सोमवारी, तेवढे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत. नमस्कार.