चोर डीव्हीआरच घेऊन गेला, मग कॅमेऱ्यात काय राहिलं?

नमस्कार मंडळी! पेपरातली एक ओळ तुम्ही कितीदा तरी वाचली असेल: 'चोरट्यांनी जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लांबवला.' म्हणजे बघा, आपल्याला कळत नाही ते चोराला कळतं. भिंतीवरच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा काहीच साठत नाही. साठतं ते या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये.

(टेबलावर डीव्हीआर ठेवत)

आणि हा डबा आपण कुठे ठेवतो? दुकानात गल्ल्याखाली, सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये मॉनिटरच्या शेजारी. तिजोरीला कुलूप लावायचं आणि किल्ली बाजूच्या खिळ्याला टांगायची, त्यातला प्रकार.

मॉनिटर केबिनमध्येच राहू दे. दहा मीटरची एचडीएमआय केबल ओढा आणि डबा दुसऱ्या, बंद खोलीत न्या. भिंतीला बोल्ट मारलेला लोखंडी रॅक, त्याला कुलूप. रॅक हवेशीर हवा, नाहीतर आतली हार्डडिस्क उकडून मरेल. माऊससुद्धा सांभाळा. अ‍ॅडमिनचं लॉगिन उघडं असेल तर ज्याच्या हातात माऊस, तो चार क्लिकमध्ये महिन्याभराचं रेकॉर्डिंग पुसू शकतो. वॉचमनसाठी वेगळा युजर बनवा, फक्त बघण्यापुरता.

मॉनिटरवरून आठवलं. आमच्या बिल्डिंगमधून एक सायकल गेली. मॉनिटरवर सोळा चौकटी झकास दिसत होत्या, त्यामुळे सगळे निवांत. रेकॉर्डिंग काढायला बसलो तर हार्डडिस्क तीन महिन्यांपूर्वीच बंद पडलेली! डिस्क मेली तरी लाइव्ह चित्र चालूच राहतं. डबा बीप बीप करत होता म्हणे, पण त्या आवाजाने झोपमोड होते म्हणून कोणीतरी तो सेटिंगमध्ये जाऊन बंद केला होता. कोणी, ते आजवर कळलेलं नाही.

आता कॅमेरा. त्याला फोडायचीसुद्धा गरज नसते. काठीने तोंड भिंतीकडे वळवलं, रंगाचा फवारा मारला, काम झालं. त्याहून सोपं म्हणजे बाहेर लोंबणारी वायर ओढायची. म्हणून बीएनसी (चित्राच्या वायरीचा) आणि पॉवरचा जोड पीव्हीसी बॉक्सच्या आत हवा, वायर पाइपातून. हात पोचेल अशा उंचीवर डोम कॅमेरा घ्या आणि आयके-१० रेटिंग मागा. पाच किलोचं वजन चाळीस सेंटिमीटरवरून आदळल्यावर जेवढा दणका बसेल, तेवढा तो सोसतो. शिवाय एका कॅमेऱ्यावर दुसऱ्याची नजर राहील असे लावा. म्हणजे फवारा मारणारा निदान दुसऱ्यात सापडेल.

बहुतेक डीव्हीआरमध्ये 'व्हिडिओ लॉस' आणि 'टॅम्परिंग' असे दोन अलार्म असतात. वायर तुटली किंवा लेन्स झाकली की मोबाइलवर सूचना येते. पैसे मोजून घेतलेली ही सोय कित्येक ठिकाणी बंदच पडून असते. (हो, कोळीही लेन्स झाकतो. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, त्यांच्यामागे तो येऊन जाळं विणतो. महिन्यातून एकदा झाडू फिरवा.)

आणि सगळे कॅमेरे एकाच एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) असतील, तर त्याचं बटण कुठे आहे ते आज बघून घ्या. जिन्याखाली उघड्यावर असेल तर वायर कापायचेही कष्ट नाहीत.

हे झालं हाताने केलेलं. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला तर शिडीसुद्धा लागली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला आठवडाभर उरला असताना पोलिसांच्या सार्वजनिक कॅमेऱ्यांच्या १८७ रेकॉर्डरपैकी १२३ रॅन्समवेअरने, म्हणजे यंत्र अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने पकडले. कॅमेरे खांबांवर शाबूत, पण रेकॉर्डिंग बंद. खंडणी न देता सगळे रेकॉर्डर साफ करून पुन्हा सुरू करावे लागले.

त्याच्या आदल्या वर्षी 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. युक्ती काय? कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या, एकामागून एक लावून बघायच्या. आणि आपल्याकडे २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं चित्रण बाहेर विकलं गेलं, तेव्हा पासवर्ड 'अ‍ॅडमिन१२३' असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा पासवर्ड बदला, आणि कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाला तो अजून माहीत आहे का, हेही बघा. नवीन कॅमेरा घेताना दुकानदाराला एसटीक्यूसी (सरकारी तपासणी संस्था) प्रमाणपत्र विचारा. एप्रिल २०२५ पासून सरकारने ही सुरक्षा तपासणी सक्तीची केली आहे.

एवढं करूनही घड्याळ चुकलेलं असेल तर वकील मंडळी तुमचं फुटेज चिरून ठेवतील. डीव्हीआरची वेळ मोबाइलशी ताडून बघा. क्लिप कोर्टात द्यायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरूनच काढलेला तिचा ओळख-आकडा लिहावा लागतो. क्लिपमध्ये एका फ्रेमचाही फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो. म्हणून मूळ फाइल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको.

व्हिडिओ इथेच थांबवा, खाली जा आणि काल रात्री दोनचं गेटवरचं रेकॉर्डिंग काढून दाखवायला सांगा. काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. फक्त आयपी अ‍ॅड्रेस दिसणारा स्क्रीनशॉट टाकू नका, मागच्या वेळी दोघांनी टाकला होता.