किंचाळायचं कुठे, कुजबुजायचं कुठे? | इमो रॉक मराठीत गाताना

(कॅमेऱ्यासमोर. माईक हातात, मागे गिटार.)

एक ओळ ऐका.

(बोलल्यासारखं, हळू) भोंगा बंद पडला, तरी आजोबा पहाटे उठायचे.

(भरल्या छातीनं, जोरात) भोंगा बंद पडला, तरी आजोबा पहाटे उठायचे!

(आवाज फाडून) भोंगा बंद पडला, तरी आजोबा पहाटे उठायचे!

शब्द तेच, चाल तीच, पण तिन्ही वेळा गाणारा माणूस वेगळा आहे. पहिला आठवण सांगतोय. दुसरा चारचौघांत तक्रार मांडतोय. ज्या कापडगिरणीचा तो भोंगा, तिच्याशी तिसऱ्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

नमस्कार मंडळी! सोलापुरातून हा व्हिडिओ करतोय, म्हणून ओळही गिरणीची घेतली. आज बोलायचंय इमो रॉकमधल्या आवाजांबद्दल. इमो म्हणजे पंकमधून निघालेलं, मनातली तगमग उघडपणे गाणारं रॉक. मला पोरं विचारतात, "दादा, स्क्रीम कसं करायचं?" म्हणजे किंचाळल्यासारखं गायचं कसं. ते सांगतोच. पण त्याआधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्क्रीम कुठल्या शब्दावर करायचं?

थोडा इतिहास, पटकन. १९८५ साली वॉशिंग्टन डी.सी.च्या राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडचा अल्बम आला. हार्डकोर पंकचा, म्हणजे पंक रॉकच्या सुसाट, आक्रमक प्रकाराचा वेग तसाच होता, पण गाय पिचॉटो गात होता ते स्वतःच्या आत काय तुटलंय त्याबद्दल. ओळीच्या मधेच त्याचा आवाज चिरकतो, आणि ते त्यानं तसंच ठेवलं. १९९४ मध्ये सिएटलच्या सनी डे रिअल एस्टेटचा जेरेमी एनिक आला. त्याचा आवाज उंच आणि नाजूक. प्रार्थनेसारखी सुरुवात करून तो कोरसला हंबरडा फोडतो. पुढे टेकिंग बॅक संडेनं २००२ मध्ये दोन गायक एकमेकांवर चढवले; एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा बोलायला लागतो, घरातल्या भांडणात होतं तसं. मग माय केमिकल रोमान्सनं २००६ मध्ये सगळं नाटकासारखं थेट रंगमंचावरच नेलं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीही एकच आवाज धरून बसलेला नाही. गाण्याची ताकद एका आवाजातून दुसऱ्या आवाजात जाण्यात आहे. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत किंचाळलेलं गाणं मला तरी दुसऱ्या मिनिटाला ऐकू येणंच बंद होतं. कान सरावतो, मग दुःख पोहोचत नाही.

आता आपल्या ओळीकडे या. बहुतेक जण कुठे ओरडतील? "भोंगा बंद पडला" इथे. गिरणी बंद पडली ही मोठी घटना ना! पण मला वाटतं दुखतं ते "उठायचे" मध्ये. सवय सुटत नाही, जायला जागा नाही, तरी माणूस उठतोय. असला शब्द ओरडला की त्यातली लाज निघून जाते. तो मी श्वास मिसळलेल्या आवाजात गातो. स्वरतंतू पूर्ण मिटू द्यायचे नाहीत, थोडी हवा तशीच निसटू द्यायची. (गाऊन) "पहाटे उठायचे…" आणि मग पुढची ओळ: "कुठं जायचं होतं त्यांना?" इथे स्फोट.

पण "कुठं" वर करून बघा. (प्रयत्न) "कुऽऽ…" नाही जमत. "उ" म्हणताना ओठ मिटत येतात आणि वाट अरुंद होते. "इ" चंही तसंच, तिथे जीभ वर चढते. स्क्रीमला "आ" लागतो, जबडा खाली आणि तोंड उघडं. म्हणून "कुठं" साधं म्हणायचं आणि "जाऽऽयचं" वर फाडायचं. (गाऊन) ऐकलंत?

मराठीत गाताना हे बघावंच लागतं. आपले कितीतरी शब्द व्यंजनावर मिटतात: पाऊस, आवाज, एकटेपण. "पाऊस" मधला "स" धरून किंचाळता येत नाही, म्हणून जोर "पा" वर टाकायचा आणि शेवट सोडून द्यायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या मित्रांना हा फायदा आयताच मिळतो, कारण तेलुगूत बहुतेक शब्द स्वरावरच संपतात. तिथल्या कुणी तेलुगूत स्क्रीम करून बघितलं तर मला पाठवा, मनापासून ऐकायचंय. आणि बोलीतलं लिहा! "गेले" पेक्षा "गेलं" घ्या. "ए" मुळे आवाज पुढे ओढला जातो आणि चिरका होतो. "गेलं" मधला शेवटचा लांब "अ" मात्र घशाला सैल ठेवतो.

आता स्क्रीम कसं निघतं ते. आपण साधं बोलतो तेव्हा पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा थरथरतात, बायकांचे २०० च्या आसपास. त्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या गप्प असतात. खालच्या, जाड स्क्रीममध्ये त्या जवळ येऊन थरथरतात, आणि तो खर्ज, ती खरखर तिथून येते. दुसरा प्रकार फ्राय. सकाळी उठल्या उठल्या "अंऽऽ" करताना आवाज कुरकुरतो ना, तिथून सुरुवात करायची आणि मागून पोटाचा आधार देत हळूहळू उंच न्यायचं. इमोमधल्या उंच, रडवेल्या स्क्रीमसाठी मला फ्राय जवळचा वाटतो.

दोन्हींमध्ये एक गोष्ट पक्की. ऐकणाऱ्याला वाटतो तेवढा जोर तुम्ही लावत नसता. उसासा टाकल्यासारखं सुरू करा, हवा आधी आणि आवाज नंतर. मोठेपणाचं काम माईक करेल. घशात टोचलं, जळजळलं, खोकला आला, तर त्या दिवशी थांबा. "अजून एकदा" नाही. आणि आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात आणि त्या दुर्लक्ष करून जात नाहीत.

सोलापुरात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी. गाताना घोटभर पाणी प्यायलं तर फक्त तोंड ओलं होतं. स्वरतंतूंना ते शरीरातून मिळायला वेळ लागतो. म्हणून सरावाच्या काही तास आधीपासून पीत राहा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सरावानंतर. चटणीचे कण घशाला चिकटून बसतात. आणि रात्री उशिरा झणझणीत रस्सा खाऊन लगेच आडवं झालं, की पोटातलं आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड. हे माझ्या सगळ्या मित्रांना सांगतो, कुणी ऐकत नाही, पण सांगत राहणार.

आणि सराव कुठे करायचा? दाट वस्तीत लगेच खिडकीतून हाक येते, "काय ओरडलालास बे, काय झालं?" उशी तोंडाशी धरली तर आवाज दबतो खरा, पण स्वतःला नीट ऐकू येत नाही आणि माणूस जास्त जोर लावतो. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्यासमोर उभे राहा. निदान खोलीतला घुमारा कपडे शोषून घेतात. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या प्रयोगाकडे येतो. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी, म्हणजे मागे साथ धरणारे, "जी जी रं जी" करत ती वरच्या सुरात उचलून धरतात. इमोमधल्या दोन आवाजांच्या भांडणाला आपल्याकडे ही तयार जागा आहे. आम्ही बँडमध्ये असं करून बघतोय: मुख्य गायक गोष्ट खालच्या आवाजात, जवळजवळ बोलत सांगतो, आणि मागचे दोघं झील स्क्रीममध्ये घेतात. रडणारा एक आणि ओरडणारे दुसरे. शाहीर अमरशेख आपल्या जिल्ह्यातले, बार्शीचे. त्यांच्या पहाडी आवाजाची ध्वनिमुद्रणं ऐका. ते स्क्रीम नाही, खुल्या गळ्याची फेक आहे. पण शब्द स्पष्ट ठेवून आवाज कुठवर नेता येतो हे तिथे कळतं. मराठी स्क्रीमचे शब्द कळले नाहीत तर मग मराठीत कशाला गायचं!

शेवटचं, माईक. साधा डायनॅमिक माईक ओठांजवळ आणला की खालचे सूर जाड होतात, म्हणून कुजबूज अगदी जवळून गा. स्क्रीमला वीतभर मागे घ्या. आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. दिसायला भारी दिसतं, पण माईकला मग चारी बाजूंचा आवाज ऐकू येतो आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो.

तर या आठवड्यात तुमची स्वतःची एक ओळ घ्या, तीन आवाजांत मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि कुठला शब्द कुठल्या आवाजात ठेवलात आणि का, ते खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही ओळी घेऊन बसू. संबळावर इमोचा ठेका कसा बसतो, तेही तेव्हाच वाजवून दाखवतो.