चार तुकडे, एक ताट

डोंगरातल्या एखाद्या कुटुंबाची शेती कशी चालली आहे, हे जाणून घ्यायचं झालं की आपण पहिल्यांदा विचारतो, एकरी किती पोती होतात? उंचावर या प्रश्नाचं उत्तर बहुधा निराशाजनकच येतं. मग त्या उत्तरावरून सल्ले सुरू होतात. तुकडे एकत्र करा, एकच पीक घ्या, माल बाजारात न्या. पोतं मोजणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या घरातली माणसं काय जेवतात, हे पोत्यावरून कळत नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

उंची दर १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे ज्या घराची जमीन पायथ्यापासून वरपर्यंत विखुरलेली आहे, त्या घराकडे तीन-चार निरनिराळी हवामानं असतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात हे फार स्पष्ट दिसतं. खालच्या उतारावर मका, त्याच्या वर बटाटा आणि किन्वा नावाचं धान्य, आणि पीक जिथे तग धरत नाही तिथे लामा आणि अल्पाका चरतात. एका तुकड्यावर गारा पडल्या तरी दुसरा वाचतो. सगळं एकदम पिकत नाही, त्यामुळे काढणीला आणि खायला महिने वाटून मिळतात. नकाशा बघणाऱ्याला गैरसोयीचे वाटणारे हे तुकडे म्हणजे त्या कुटुंबाचा विमा आहे.

तिथल्याच चुन्योबद्दल, म्हणजे गोठवून वाळवलेल्या बटाट्यांबद्दल, सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्रभर उघड्यावर पसरून ठेवतात. ते गोठतात. दिवसा उन्हाने सैल पडले की पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात. काही दिवस हा क्रम चालला की हलके, टणक, वाळलेले बटाटे उरतात, आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. नवं पीक यायच्या आधी कणग्या तळाला लागतात, तेव्हा अशा साठवणीवर घर तरतं. पोषणावरच्या चर्चांमध्ये पेरणीबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं, साठवणीबद्दल फार थोडं. याची मला खंत वाटते.

तरीही डोंगरातलं जुनं सगळं परिपूर्ण होतं, असं चित्र मी रंगवणार नाही. विकसनशील देशांच्या पर्वतीय ग्रामीण भागात दर दोन माणसांमागे एकाला अन्न कमी पडण्याचा धोका आहे, असा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा २०१७ सालासाठीचा अंदाज आहे. आणि काही उणिवा शेत भरून काढूच शकत नाही. हिमनद्या आणि पाऊस मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. मग त्या मातीतल्या धान्यात, भाजीत, तिथल्या गवतावर वाढलेल्या जनावराच्या दुधातही ते कमीच उतरतं. आल्प्स, हिमालय, अँडीज, सगळीकडे आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून होता. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली आयोडीनयुक्त मीठ द्यायला सुरुवात झाली आणि तिथलं चित्र पालटलं. परसात दहा भाज्या लावल्या तरी हे साधलं नसतं. मीठ खालूनच वर यायला हवं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बाईचा वेळ. पुरुष कामासाठी खाली उतरले की शेत, गुरं, पाणी, सरपण सगळं तिच्यावर येतं. सगळ्यात लांबचा तुकडा आधी पडीक पडतो, आणि त्याच्याबरोबर ताटातला एखादा पदार्थ जातो. नऊ महिन्यांच्या पुढच्या बाळाला दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं, कारण त्याचं पोट लहान असतं. आई निंदणीला दोन तासांच्या चढावर गेली असेल, तर घरात धान्य असूनही ते बाळ उपाशी राहतं. तिला आहाराचं महत्त्व समजावून सांगणाऱ्यांनी एकदा तो चढ चढून पाहावा, असं मी कळकळीने म्हणते.

राळा, सावा यांसारखी भरडधान्यं मागे पडली, त्यातही याचा मोठा वाटा आहे. लोकांना त्यांचा कंटाळा आला असं सांगितलं जातं. पण ती कांडून, पाखडून खाण्याजोगी करायला किती मेहनत लागते! तयार तांदूळ मिळू लागल्यावर थकलेल्या बाईने तो निवडला, यात तिचं काय चुकलं? ही धान्यं परत ताटात यावीत असं वाटत असेल, तर चालत जाता येईल इतक्या अंतरावर टरफल काढणारं छोटं यंत्र बसवा. भित्तिपत्रकं नंतर लावता येतील.

आणि पाहणीला जाल तेव्हा त्या बाईला विचारा, काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय काय खाल्लं? घरच्यांनी नव्हे, तुम्ही. अन्नाचे दहा गट धरतात: धान्य-कंद, कडधान्य, दूध, अंडी, हिरवा पाला वगैरे. त्यांतले निदान पाच तिच्या पोटात गेले का, ते टिपून घ्या. काढणीनंतर एकदा विचारा, आणि कणगी रिकामी असते त्या महिन्यात त्याच घरी पुन्हा जा.